खाटेपासून कायद्यापर्यंत : बालआरोग्याचा कैवार आणि तरुण डॉक्टरांचे शिक्षण

म्हैसूर शहरातील होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयाला तेथील लोक मिशन हॉस्पिटल म्हणूनच ओळखतात. या रुग्णालयाच्या प्रसूतिविभागात १९३४ सालापासून एक शिस्त पाळली गेली. मूल जन्माला आले की त्याचे वजन करावयाचे, लांबी मोजावयाची, डोक्याचा घेर मोजावयाचा आणि हे तीनही आकडे नोंदवहीत लिहावयाचे. ज्या परिचारिकांनी हे आकडे लिहिले त्यांच्या दृष्टीने ते नित्याचे काम होते. पुढे या नोंदींचा कोणाला काही उपयोग होईल अशी कल्पनाही त्यांच्या मनात आली नसेल. वह्या भरत गेल्या, आणि सुदैवाने त्या कोणी रद्दीत काढल्या नाहीत.

सुमारे सहा दशकांनंतर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील आणि म्हैसूरमधील संशोधकांनी या वह्या पुन्हा उघडल्या. १९३४ ते १९५४ या काळात या रुग्णालयात जन्मलेल्या आणि अद्याप त्याच परिसरात राहत असलेल्या ५१७ स्त्री-पुरुषांना त्यांनी शोधून काढले व तपासले. त्याचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. जन्माच्या वेळी ज्यांचे वजन साडेपाच पौंड किंवा त्याहून कमी होते त्यांच्यापैकी शेकडा ११ जणांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार जडलेला होता. ज्यांचे वजन सात पौंड किंवा त्याहून अधिक होते त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ३ इतकेच होते. ज्यांच्या माताही कृश होत्या त्यांच्यात विकाराचे प्रमाण विशेष आढळले. गरोदर स्त्रीच्या ताटात काय पडते याचा परिणाम तिच्या अपत्याच्या पन्नाशीपर्यंत पोचत असावा, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. पुढे १९९७-९८ मध्ये त्याच रुग्णालयात गरोदर स्त्रियांची नवी पाहणी सुरू झाली आणि त्यांना झालेल्या मुलांची वाढ अनेक वर्षे तपासली गेली.

या हकिकतीतून दोन धडे मिळतात. पहिला धडा समाधानाचा आहे : काळजीपूर्वक लिहिलेला आकडा वाया जात नाही. दुसरा मात्र कडू आहे : आकडा आपण होऊन बोलत नाही. वह्यांत आकडे साठत होते, त्या काळातही शहरात कमी वजनाची मुले जन्मास येतच होती. यात दोष कोणा एकाचा नव्हता. परंतु खाटेजवळची नोंद आणि सत्तास्थानी होणारा निर्णय यांच्यामध्ये जो दुवा असावा लागतो, तो नव्हता. हा दुवा होण्याचे शिक्षण तरुण डॉक्टरांना कोठे व कसे मिळावे, हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे.

कैवार म्हणजे काय

एखाद्याची बाजू समजून घेऊन, ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्यापुढे ती पुराव्यानिशी मांडणे आणि निर्णय होईपर्यंत तिचा पाठपुरावा करणे, याला येथे कैवार म्हटले आहे. प्रौढ मनुष्याला आपली तक्रार स्वतः सांगता येते. त्याला मत असते, त्याची संघटना असू शकते, निदान त्याला अर्ज तरी करता येतो. मुलाला यांतील काहीच करता येत नाही. आईबापांना बोलावयाचे असले तरी रोजंदारी बुडवून कचेरीत खेटे घालणे त्यांना परवडत नाही. अशा वेळी मुलाचे शरीर आणि त्याचे घर या दोहोंची थोडीबहुत माहिती असणारा मनुष्य म्हणजे त्याला तपासणारा डॉक्टर होय. त्याने गप्प राहावयाचे ठरवले तर त्या मुलाच्या वतीने बोलणारा दुसरा कोणी बहुधा नसतो.

अर्थात, केवळ कळवळा असणे म्हणजे कैवार घेणे नव्हे. अंदाजपत्रक कसे तयार होते, कोणत्या कामाचा अधिकार कोणत्या पातळीवर आहे, कायदा व नियम यांत फरक कोणता, आकड्यांचा खरेपणा कसा पडताळावा, या गोष्टी शिकाव्याच लागतात. शस्त्रक्रियेप्रमाणे हेही एक कसब आहे, आणि ते ज्येष्ठांच्या देखरेखीखाली हाताने काम करूनच साध्य होते.

आंतरवासितेत काय आहे, काय नाही

आपल्या देशात वैद्यकीय पदवीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर एक वर्षाची आंतरवासिता सक्तीची असते. या वर्षात तरुण डॉक्टर निरनिराळ्या विभागांत पाळीपाळीने काम करतो. त्यातील काही काळ समाजवैद्यकासाठी राखून ठेवलेला असतो. बालरोग विभागाच्या वाट्याला जेमतेम काही आठवडे येतात.

डॉक्टरने समाजाकडे पाहावे हा विचार नवा नाही. १९४६ साली भोर समितीने वैद्यकीय शिक्षणात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण असावे आणि त्यातून सामाजिक दृष्टीचा वैद्य घडावा, अशी शिफारस केली. १९७५ साली श्रीवास्तव समितीने वैद्यकीय शिक्षण ग्रामीण गरजांपासून तुटले असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर १९७७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाला नवी दिशा देणारी योजना आली. प्रत्येक महाविद्यालयाने तीन विकासगटांच्या आरोग्याची जबाबदारी उचलावी, फिरते दवाखाने घेऊन विद्यार्थ्यांनी खेड्यांत जावे, अशी तिची कल्पना होती. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत १९६९ च्या स्थापनेपासून विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीला एक गाव जोडून देण्याची प्रथा पडली. अलीकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घेण्याचा उपक्रम अभ्यासक्रमात आणला आहे.

हे सारे प्रयत्न मोलाचे आहेत. तथापि त्या सर्वांची दिशा एकच दिसते. विद्यार्थ्याला रुग्णालयातून गावाकडे नेले जाते. गावातून तालुक्याच्या कचेरीकडे, जिल्हा पंचायतीच्या सभेकडे, विधिमंडळाकडे जाणारा रस्ता त्याला दाखवला जात नाही. अंगणवाडीतील वजनकाटा बिघडलेला आहे हे तो पाहतो. तो दुरुस्त करण्याचा खर्च कोणत्या शीर्षकाखाली पडतो आणि मंजुरीची सही कोणाची लागते, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

म्हैसूरचे विद्यार्थी

म्हैसूर (२०१४ पासून अधिकृत नाव मैसुरू) येथील वैद्यकीय महाविद्यालय जुने आहे. १९२४ साली ते बंगळूर येथे सुरू झाले आणि १९३० साली म्हैसूरला आले. त्याच १९३० साली म्हैसूर संस्थानने सरकारी रुग्णालयांत संततिनियमनाची केंद्रे उघडण्याचे ठरवले. मराठी वाचकाला येथे र. धों. कर्वे यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत हेच काम एकट्याने, लोकनिंदा सोसून आरंभले होते. एकाने पदरमोड करून केलेले काम आणि शासनाने धोरण म्हणून स्वीकारलेले काम, यांतील अंतर या दोन घटना शेजारी ठेवल्या की स्पष्ट होते.

याच महाविद्यालयात १९८४ साली आर. बालसुब्रह्मण्यम् आणि त्यांच्या सहाध्यायांनी स्वामी विवेकानंद युवा चळवळ ही संस्था स्थापन केली. गरीब रुग्णांना औषधे मिळवून देणे असे तिचे आरंभीचे साधे स्वरूप होते. काही वर्षांतच हे तरुण डॉक्टर म्हैसूर जिल्ह्याच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात गेले. जेनु कुरुब, काडु कुरुब, यरव, सोलिग अशा आदिवासी जमाती तेथे राहतात. कन्नड भाषेत जेनु म्हणजे मध. मध गोळा करणे हे ज्यांचे जीवन, ते जेनु कुरुब. बंडीपूरचे व्याघ्र अभयारण्य, नागरहोळेचे राखीव वन आणि १९७४ साली पूर्ण झालेले कबिनी नदीवरील धरण यांमुळे यांतील अनेक कुटुंबांना रानातून उठावे लागले. रान सुटले तसे रानातले अन्नही सुटले.

अशा ठिकाणी दवाखाना उघडणाऱ्या डॉक्टरच्या ध्यानात एक गोष्ट लवकरच येते. औषध दिलेले मूल बरे होऊन जाते आणि काही महिन्यांनी तोच फिकटपणा, तीच हगवण घेऊन परत येते. औषधात चूक नसते. मूल ज्या घरी परत जाते तेथे काही बदललेले नसते. म्हणून या डॉक्टरांचे काम दवाखान्यापुरते राहिले नाही. होसहळ्ळी येथे आदिवासी मुलांसाठी शाळा निघाली, केंचनहळ्ळी व सरगूर येथे रुग्णालये उभी राहिली. पुढे बालसुब्रह्मण्यम् यांनी अमेरिकेत सार्वजनिक धोरणाचा रीतसर अभ्यास केला, आणि २०११ साली म्हैसूर येथे धोरणविषयक संशोधन व कैवार यांसाठी ‘ग्राम’ ही स्वतंत्र संस्था सुरू झाली. तिच्या एका उपक्रमात आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काय आहे व काय नाही याची माहिती गावकऱ्यांनीच दूरध्वनीद्वारे द्यावी आणि तीवरून केंद्रांची श्रेणी लावावी, अशी योजना होती. ‘आरोग्यश्रेणी’ हे तिचे नाव.

१९८४ आणि २०११ या दोन सालांमधील अंतर २७ वर्षांचे आहे. खाटेपासून धोरणापर्यंतचा रस्ता या माणसांनी स्वतः चालून, ठेचा खाऊन शोधला. प्रत्येक पिढीतील डॉक्टरांनी तो पुन्हा नव्याने शोधावा, अशी अपेक्षा करणे शहाणपणाचे नाही. जो रस्ता एकदा सापडला आहे त्याचा नकाशा पुढच्यांच्या हाती देणे, हेच तर शिक्षणाचे काम होय.

डबा आणि कायदा

म्हैसूरच्याच आणखी एका संस्थेच्या इतिहासातून धोरणाचे दुसरे अंग समजते. मध्यवर्ती अन्न तंत्रविज्ञान संशोधन संस्था १९५० साली येथील चेलुवांबा महालात सुरू झाली. त्या काळी लहान मुलांचे डबाबंद अन्न परदेशातून येई आणि त्यापायी परकीय चलन खर्ची पडे. आपल्याकडे दूध मुख्यतः म्हशीचे. ते स्निग्ध आणि तान्ह्या मुलाला पचण्यास जड. या दुधापासून बालकांना मानवेल असे अन्न तयार करण्याची रीत या संस्थेतील शास्त्रज्ञांनी शोधली आणि ते देशातच तयार होऊ लागले. ज्या मुलाला आईचे दूध मिळणे शक्यच नाही त्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती.

परंतु एखादी वस्तू चांगली असणे आणि ती ज्या रीतीने विकली जाते ती रीत चांगली असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जगभर डब्यांवर गुटगुटीत मुलांची चित्रे झळकली, प्रसूतिगृहांत नमुने वाटले गेले, आणि ज्या मातांना भरपूर दूध होते त्यादेखील डब्याकडे वळल्या. गरिबाच्या घरी डबा पुरवून वापरण्यासाठी भुकटी कमी व पाणी जास्त, आणि तेही अस्वच्छ. परिणामी मूल हगवणीने व उपासमारीने खंगू लागले. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने अशा विक्रीला आवर घालणारी आचारसंहिता ११८ विरुद्ध १ मताने संमत केली. भारताने १९९२ साली या विषयावर कायदा केला, तो १९९३ च्या ऑगस्टपासून अमलात आला आणि २००३ साली अधिक कडक करण्यात आला. डब्यावर बालकाचे चित्र छापण्यास त्याने बंदी घातली. दोन वर्षांखालील मुलांच्या अशा अन्नाची जाहिरात निषिद्ध ठरली.

कायदा झाला म्हणजे काम संपत नाही, हेही येथेच दिसून आले. कायद्याचा भंग होतो आहे काय हे पाहण्यास कोणी तरी डोळे उघडे ठेवावे लागतात. शासनाने अधिकृत केलेल्या स्वयंसेवी संस्थांना तक्रार दाखल करण्याचा अधिकार या कायद्याने दिला. मुंबईत बालरोगतज्ज्ञांच्या पुढाकाराने चालणाऱ्या संस्थेने व १९९१ साली वर्धा येथे स्थापन झालेल्या स्तनपानविषयक संघटनेने हे काम अंगावर घेतले. त्यासाठी लागणारा पुरावा एखाद्या प्रयोगशाळेत मिळत नाही. औषधाच्या दुकानातील डब्यावरचा मजकूर, प्रसूतिकक्षाच्या भिंतीवरील दिनदर्शिका, डॉक्टरांच्या मेजवानीचा खर्च कोणी केला याची चौकशी, असा तो असतो. वॉर्डात रात्रंदिवस वावरणाऱ्या आंतरवासी डॉक्टरइतके हे पाहण्याची संधी दुसऱ्या कोणाला असते?

पुराव्याची ताकद

कैवाराला पुराव्याची जोड मिळाली की काय घडते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण गडचिरोलीचे आहे. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथील ३९ गावांत, गावातल्याच स्त्रियांना शिकवून, नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याची पद्धत राबवली. शेजारची ४७ गावे तुलनेसाठी निवडली. प्रयोगाच्या गावांत दर हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बालकांची संख्या १९९३-९५ मध्ये ६२ होती. १९९७-९८ मध्ये ती २५.५ वर आली. तुलनेच्या गावांत ती जवळजवळ होती तेथेच राहिली. हे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. २०११ साली भारत सरकारने घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचे काम देशभरातील आशा कार्यकर्त्यांवर सोपवले.

येथे तुलनेच्या गावांचे महत्त्व ध्यानी घेतले पाहिजे. ती नसती, तर मृत्यू काळाच्या ओघात आपोआपच घटले असते असे कोणीही म्हणू शकला असता. शंका घेणाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर आधीच तयार ठेवणे, हा कैवाराच्या विद्येचा पहिला नियम आहे. आणि सिद्ध झालेली गोष्टदेखील देशाच्या धोरणात उतरण्यास बारा वर्षे लागू शकतात, म्हणून चिकाटी हा दुसरा नियम होय.

आठ आठवड्यांची रूपरेषा

बालआरोग्यधोरणाची आंतरवासिता प्रत्यक्षात कशी असावी? म्हैसूर जिल्हाच डोळ्यांपुढे ठेवला तर तिची रूपरेषा अशी आखता येईल.

पहिले दोन आठवडे वॉर्डात जावेत. तीव्र कुपोषणाने दाखल झालेले एक मूल निवडून प्रशिक्षणार्थीने त्याची पूर्ण हकिकत लिहावी : घरी कमावते किती, आई कामावर गेल्यावर मूल कोणापाशी असते, शिधापत्रिका आहे काय, अंगणवाडी किती अंतरावर आहे. मूल घरी जाताना त्याने त्याच्यासोबत घरापर्यंत जावे.

पुढील दोन आठवडे उपकेंद्रात व अंगणवाडीत घालवावेत. एकात्मिक बालविकास योजनेचा आरंभ २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी झाला. कर्नाटकातील पहिला प्रकल्प याच जिल्ह्यातील टी. नरसीपूर येथे होता. तेव्हा अंगणवाडी पाहण्यास दूर जाण्याचे कारण नाही. प्रशिक्षणार्थीने स्वतः मुलांच्या दंडाचा घेर मोजावा. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण समजतात. आपले माप आणि वहीतील नोंद यांची त्याने तुलना करावी. फरक आढळला तर सेविकेवर दोष ठेवण्यापूर्वी तिच्याकडे किती वह्या आहेत व किती कामे आहेत हे मोजावे.

पाचव्या व सहाव्या आठवड्यात त्याने तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या कचेरीत व जिल्हा पंचायतीत बसावे. तेथे काही बोलू नये, ऐकावे. पैसा कोठून येतो, कोठे अडतो, मार्चअखेर कोणती रक्कम न वापरता परत जाते, हे टिपून घ्यावे. बहुतेक तरुण डॉक्टरांचा असा समज असतो की पलीकडे बसलेल्या माणसाला आस्था नाही. पुष्कळदा त्याला आस्था असते, अधिकार नसतो; आणि अधिकार कोणाला आहे हे तोच सांगू शकतो.

सातव्या आठवड्यात एक पानाचे टिपण लिहावे. त्यात एकच मागणी असावी. “जिल्ह्यात कुपोषण फार आहे” हे वाक्य कोणालाही काही करण्यास भाग पाडत नाही. “अमुक उपकेंद्राच्या हद्दीतील इतक्या अंगणवाड्यांत चालू वजनकाटा नाही, दुरुस्तीस इतका खर्च येईल, मंजुरीचा अधिकार या अधिकाऱ्याचा आहे” हे वाक्य उत्तर मागते. टिपणात मुलाचे नाव किंवा छायाचित्र असू नये. ज्याचा कैवार घ्यावयाचा त्याचेच दुःख चव्हाट्यावर मांडणे हा कैवार नव्हे.

आठव्या आठवड्यात हे टिपण दोन ठिकाणी वाचून दाखवावे : अधिकाऱ्यापुढे आणि गावापुढे. गावकऱ्यांनी त्यातील चूक दाखवली तर ती दुरुस्त करावी. पुढे मागणीचे काय झाले याची नोंद महाविद्यालयाने ठेवावी, म्हणजे पुढच्या तुकडीतील विद्यार्थ्याला कामाचा धागा जेथे सुटला तेथूनच उचलता येईल.

आक्षेप आणि भीती

या कल्पनेवर आक्षेप घेतले जातात, आणि त्यांतील काही खरे आहेत. आंतरवासी डॉक्टर आधीच कामाने वाकलेला असतो. त्याच्या डोक्यात पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा घोळत असते. तेव्हा हे आठवडे पदरच्या सुट्टीतून नव्हे, अभ्यासक्रमातूनच मिळाले पाहिजेत. डॉक्टरने राजकारणात पडू नये, असा दुसरा आक्षेप असतो. अमेरिकेत १९२१ साली माता व बालके यांच्या आरोग्यासाठी शेपर्ड-टाउनर कायदा झाला, तेव्हा तेथील वैद्यक संघटनेच्या धुरीणांनी त्याला विरोध केला आणि तिच्याच बालरोग विभागाने पाठिंबा दिला. या तंट्याची परिणती अखेर १९३० साली बालरोगतज्ज्ञांची वेगळी अकादमी स्थापन होण्यात झाली. आज त्या अकादमीच्या वॉशिंग्टनमधील कार्यालयात प्रशिक्षणार्थी डॉक्टर काही आठवडे राहून कायदे कसे घडतात ते शिकतात. मुलांची बाजू घेणे आणि एखाद्या पक्षाची बाजू घेणे यांत भेद आहे. तो राखता येतो, आणि राखलाच पाहिजे.

तिसरी गोष्ट आक्षेपाची नसून भीतीची आहे, आणि तीच सर्वांत खरी आहे. सरकारी रुग्णालयातील त्रुटी दाखवणाऱ्या तरुणाचे प्रमाणपत्र त्याच संस्थेच्या हाती असते. एकट्या विद्यार्थ्याला धैर्याचा उपदेश करून हा प्रश्न सुटणार नाही. टिपणावर विभागप्रमुखाची सही असावी, ते महाविद्यालयाच्या नावाने जावे, आणि अप्रिय आकडा शोधणाऱ्याला गुण कमी नव्हे तर अधिक मिळावेत. संस्थेने पाठीशी उभे राहावयाचे नसेल, तर तिने ही आंतरवासिता सुरू करू नये हे बरे.

म्हैसूरच्या प्रसूतिगृहांत आजही नवजात मुलाला काट्यावर ठेवले जाते आणि आकडा लिहिला जातो. १९३४ सालच्या आकड्यांना वाचक मिळण्यास साठ वर्षे लागली. आज लिहिलेला आकडा त्याच आठवड्यात वाचणारा, त्यामागचे घर पाहणारा आणि तो घेऊन योग्य त्या दारापर्यंत जाणारा एखादा तरुण डॉक्टर प्रत्येक वॉर्डात तयार करता आला, तर ज्या मुलाचा तो आकडा आहे ते मूल लहान असतानाच त्याचा उपयोग होईल.